ज्योत दाखवताना

भाची मला द्यावी का, हे ठरवायला भिवापूरचे एक मिरचीवाले मामा हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात आले. लेथवर बसवलेल्या, ज्योतीतून धातूची भुकटी फवारणाऱ्या बंदुकीतून झिजलेल्या शाफ्टवर धातूचा थर चढत होता. ऑक्सिजन आणि गॅस छान जुळले होते. पण घरातला पहिला पदवीधर तो मी! ज्योत गरजावी म्हणून ऑक्सिजन वाढवला. धातूची भुकटी जळाली, थराचे पापुद्रे सुटले.

मामांनी गार झालेला पापुद्रा मिरचीसारखा चुरून हुंगला.

"चांगलं चालून राहिलं होतं, तर हात काहून लावला गा?"

"तुम्हाले दाखवायले जी."

"मी तर पोरगं पाहायले आलो होतो."

होकार आला नाही. आता कोणी आलं की मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. येतात ती गिऱ्हाइकंच; मामा कोणी नसतो.