दीनानाथाची कावड

नारायण पेठ तेव्हा नवीनच वसत होती. निजामाच्या फौजेनं पुणं जाळलं त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. जळक्या घरांतले धड राहिलेले वासे घासूनपुसून लोक पुन्हा आढ्याला चढवत होते. घरं नवी झाली, माणसं मात्र जुनीच, आणि त्यांची तोंडंही जुनीच. त्या पेठेत अनंतभटांच्या घरामागं एक गोठा होता आणि गोठ्यात त्यांचा धाकटा भाऊ दीनानाथ राहत असे. गोठ्यात गाय नव्हती. गाय असती तर त्याला तिथंही राहू दिलं नसतं.

दीनानाथ बाटला होता, निदान पेठेनं तसं ठरवलं होतं. मूळचा तो पाणक्या. एका सरदाराच्या घरी सोवळ्यातलं पाणी भरायचा, अंगानं बैलासारखा, बोलण्यात भोळा सांब. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, तेव्हापासून घागर हाच त्याचा संसार. सरदार उत्तरेला निघाले तेव्हा मुदपाकखान्याचं पाणी भरायला यालाही बरोबर नेलं. पुढं पानिपतावर जे झालं ते झालं. पळता पळता हा एका बांधाशी आडवा पडला, जीभ सुजून टाळूला चिकटलेली. तिथं कुणा पखालजीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पखालीचं तोंड त्याच्या तोंडाला लावलं. पखाल चामड्याची, माणूस मुसलमान. दीनानाथ पोटभर प्यायला, म्हणून तर जगला.

हे पुण्यात कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. पण महिनोन्‌महिने पायपीट करून हा घरी पोचला, आईनं मिठी मारून विचारलं, "कसा रे वाचलास बाळा?" आणि या शहाण्यानं भरल्या अंगणात, शेजारीपाजारी गोळा झालेले असताना, पखालजीची गोष्ट इत्थंभूत सांगितली. वर त्या पखालजीचं भलं होवो म्हणाला. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. जे तहानेनं मेले ते शुद्ध गेले, असं पेठेत म्हणायची पद्धत होती. म्हणणारे सगळे पुण्यातच बसून होते, आणि पुण्यात हौदाला पाणी बक्कळ होतं.

त्या दिवसापासून तो गोठ्यात. आई त्याला परसात पानावर वरून वाढायची, हात लागणार नाही इतक्या उंचावरून. वाढताना रडायची आणि रडत रडत वाढायची, पण हात खाली यायचा नाही. त्यानं तिला कधी दोष दिला नाही. लहानपणापासून तिचं सोवळं त्यानं पाहिलं होतं, आणि त्या सोवळ्याचं पाणी त्यानंच तर भरलं होतं.

त्या चैत्रात आई अंथरुणाला खिळली. ती उठणार नाही हे वैद्यानं न सांगताच सगळ्यांना समजलं. मग तिनं एकच घोकणी लावली, "शेवटचं पाणी दिनाच्या हातचं हवं." अनंतभट कातावले. दीनानाथाला मात्र एवढं बोलणं पुरे होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी पाजलं. आता एक पळी आईच्या तोंडात घालायची, मग जग बुडालं तरी चालेल. तो उठला तो थेट यज्ञेश्वरशास्त्र्यांच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिला.

यज्ञेश्वरशास्त्री वाईट माणूस नव्हता, हेच त्यातलं वाईट. त्यांनी पोथ्या पाहिल्या, मान हलवली. ब्राह्मणभोजन घालायची याची ऐपत नाही, तेव्हा अंगमेहनतीचं प्रायश्चित्त दिलं. भीमाशंकराच्या कुंडातलं पाणी कावडीनं खांद्यावरून आणायचं, नदीकाठच्या महादेवावर घालायचं, उरलेलं आईला पाजायला मोकळा. कावड भुईला टेकता कामा नये. परजातीचा हात कावडीलाही लागायचा नाही आणि माणसालाही. गाडी नाही, घोडं नाही. "एवढं शुचिर्भूतपणे झालं, की तू आमच्या पंक्तीला," शास्त्री म्हणाले. दीनानाथानं लांबूनच साष्टांग नमस्कार घातला. त्याला वाटलं, किती सोपं सांगितलं! ओझं वाहणं एवढंच तर त्याला येत होतं.

जाणं सुखाचं झालं. कुंडाशी न्हाऊन त्यानं तांब्याच्या दोन घागरी भरल्या, शिंकाळ्यांत ठेवल्या, दांडी खांद्यावर घेतली आणि परतीला लागला. वैशाखातलं ते रान. झरे आटलेले, ओढ्यांत नुसते गोटे, करवंदीच्या जाळ्यांतून फुफाटा उठतोय. भरल्या दोन घागरी अंगाशी डुचमळत होत्या आणि त्याचा घसा कोरडा पडत चालला होता. विसाव्याला एखादी खाली आलेली फांदी बघायची, कावड तिला अडकवायची, बसायचं, पुन्हा उठायचं.

डोंगराच्या एका सोंडेवरून उतरताना पायाखालचा धोंडा निसटला. शेजारीच एक बळकट मुळी होती. कावड टाकून तिला हात घातला असता तर गुडघा फुटण्यावर निभावलं असतं. कुणीही तेच केलं असतं. दीनानाथानं दोन्ही हातांनी कावड धरली. तो घसरत गेला, उजवा पाय दोन खडकांच्या खाचेत अडकला, आणि सारं अंग त्या पायावर फिरलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. घोट्याच्या वर कातडं फाटून रक्त वाहू लागलं. घागरींतलं पाणी थोडं हिंदकळलं, तेवढंच. तो गुडघ्यावर बसला होता आणि कावड खांद्यावर होती.

आता उठायला कशाचा तरी आधार हवा. आधाराला हात मोकळा करावा तर घागर भुईला टेकणार. डोक्यावरची फांदी हाताला येत नव्हती. ऊन कलेपर्यंत तो तसाच बसून राहिला. आधी "शंभो शंभो" म्हणाला, मग नुसता कण्हला, शेवटी त्यानं शास्त्र्यांना एक शिवी दिली आणि लगेच क्षमा मागितली.

लाकडं तोडून परतणारं एक कोळ्याचं जोडपं त्या वाटेनं आलं. भैरू आणि त्याची बायको मैना. मैना भारा टाकून धावली.

"आगं बया! पाय पार मोडलाय की रं! धर हात."

"शिवू नका!" दीनानाथ ओरडला. "कावड आहे देवाची. मला शिवू नका."

मैना जागच्या जागी थबकली. भैरूनं मात्र काही विचारलं नाही. रानातला माणूस, त्याला कावडीचे रिवाज ठाऊक होते. त्यानं दोन जाड बेचकी तोडली, ती दीनानाथाच्या दोन्ही बाजूंना भुईत ठोकली आणि मागं सरून म्हणाला, "ठिव आता, देवा." दीनानाथानं दांडी बेचक्यांत सरकवली. खांदा रिकामा झाला तेव्हा तो लहान पोरासारखा रडला.

भैरूनं काठी तोडून दिली, पाय बांधायला बांबूच्या कामट्या दिल्या, मैनेनं कसलासा पाला ठेचून खडकावर ठेवला. सगळं लांबून. बांधायचं त्याचं त्यानंच. बांधताना त्याला भोवळ आली, तेव्हा मैनेनं कमरेचा पाण्याचा भोपळा सोडून पुढं केला.

"पी. हिरीचं हाय, ग्वाड."

"नको."

"आरं, घशात काटा पडलाय तुज्या. दोन घागरी वाहतुयास न् तहानेनं मरतुयास, हे कसलं रं देवाचं काम?"

"मागं एकदा असंच पाणी प्यायलो होतो, बाई. तेच तर फेडतोय."

मैनेला त्यातलं काही कळलं नाही. तिनं भोपळा खडकावर ठेवला, पाठ फिरवली आणि म्हणाली, "आमी बगत न्हाय. तुजा देवबी कुटं बगतुया एवड्या रानात?" ती दोघं गेली. दीनानाथ त्या भोपळ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं काठी काखेत घेतली, कावड खांद्यावर घेतली आणि उभा राहिला. पाणी तिथंच राहिलं.

रान संपलं, गावं लागली. चास, खेड, चाकण. प्रत्येक शिवेवर तो हाक देई, गावकरी बेचकी ठोकून देत, बामणाच्या घरचं कुणी येऊन त्याच्या ओंजळीत पाणी ओती. बायका येऊन पाया पडत, त्या कावडीच्या. त्याच्या पायाकडं बघून त्या तोंडाला पदर लावत, कारण जखमेला एव्हाना वास येऊ लागला होता. एका गावच्या पाटलानं, हिंदुराव त्याचं नाव, बैलगाडी जुंपून आणली. "बसा, भटजी. पुण्याच्या येशीपाशी उतरा. कोन सांगतंय?" दीनानाथ म्हणाला, "मीच सांगेन, पाटील. माझं तोंड गप्प बसत नाही." खेडच्या वैद्यानं बजावलं, चालणं थांबव, नाहीतर पाय जाईल. यानं विचारलं, "आणि थांबलो तर आई थांबेल का?" वैद्यानं पट्टी बदलायला चिंधी दिली.

पुढं पुढं त्याला पाय दुखेनासा झाला. पायाच्या जागी नुसतं एक जड लाकूड ओढतोय असं वाटे. ताप चढला होता. तापात तो आईशी बोलत चालायचा, आलोच, आलोच म्हणायचा. खांद्याची सालटी निघाली, तरी कावड भुईला टेकली नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. एवढी ताकद, एवढा हट्ट, आणि ते सारं कशापायी खर्ची पडलं हे आठवलं की माझं डोकं उठतं.

नदीकाठच्या देवळापाशी तो पोचला तेव्हा बातमी आधीच पोचली होती. अर्धी पेठ घाटावर जमली होती. तीन वर्षं ज्यांनी तोंड फिरवलं तेही माना उंचावून पाहत होते. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी कावड न्याहाळली. घागरी जवळजवळ भरलेल्या. भुईला टेकली का? नाही. कुणी शिवलं का? नाही. गाडी? नाही. शास्त्र्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद दिसला. ते पुढं झाले, आणि त्यांची नजर खाली गेली. घाटाच्या पायरीवर रक्ताचा ओला ठसा उमटला होता.

"हे कधीपासून वाहतंय?"

"डोंगर उतरताना पाय मोडला, तेव्हापासून. बांधला आहे, पण चाललं की पुन्हा…"

शास्त्री एक पायरी मागं सरले. "अरेरे," ते म्हणाले. "दीनानाथ, अंगातून रक्त वाहत असताना सोवळं राहत नाही रे. साऱ्या वाटेभर तू अशुचीच होतास. हे पाणी देवाला चालायचं नाही."

"पण टेकली नाही, शास्त्रीबोवा. एकदाही टेकली नाही."

"ठाऊक आहे. पाय बरा झाला की पुन्हा जा. देव कुठं पळून जातोय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पाय डोंगरावरच ठेवून यायचा होता." दोघंतिघं हसले. मग गर्दी पांगली, जेवणाची वेळ झाली होती.

दीनानाथ कावड घेऊन तसाच नारायण पेठेत आला. परसदारी अनंतभट उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, भावाचा पाय पाहिला, आणि वाटेतून बाजूला झाले. तेवढी माणुसकी त्यांच्यात निघाली. आईचं अंथरूण उकाड्यामुळं मागच्या ओसरीवर आणलं होतं. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. गंगाजलाचं भांडं उशाशी असून तिनं आदल्या दिवसापासून तोंडाला पाणी लावू दिलं नव्हतं. दिना आणतोय, म्हणत होती.

"आलास?" ती म्हणाली. डोळे अजून लख्ख होते. "अगं बाई, पायाला काय झालं रे हे? द्वारके, हळद आण गं त्याला. लवकर आण." सून हळद घेऊन निघाली तेव्हा म्हातारी पुन्हा बोलली, "दुरूनच दे हो."

दीनानाथानं ओसरीच्या कडेला घागर ठेवली. टेकली तर टेकली. पळी भरून त्यानं हात लांबवला. "आई, आणलं बघ. भीमाशंकराचं."

"शास्त्रीबोवा काय म्हणाले?"

खोटं बोलावं असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. जीभ मात्र वळली नाही. त्याच्या गप्प राहण्यातून आईला कळायचं ते कळलं. तिनं पळीकडं पाहिलं. पाण्याकडं किती आशेनं पाहावं माणसानं! मग तिनं ओठ आवळून मान भिंतीकडं वळवली.

"आई, एक घोट. माझ्यासाठी."

मान वळली नाही. तेव्हा दीनानाथाच्या आत काहीतरी फुटलं. शास्त्र्यांवर आला नव्हता एवढा राग त्याला त्या मरत्या बाईचा आला. घागर दोन्ही हातांनी उचलून त्यानं तोंडाला लावली आणि तिच्यादेखत तो घटाघटा प्यायला. पाणी गळ्यावरून, छातीवरून, फाटक्या खांद्यावरून ओघळलं. घागर रिकामी झाली तेव्हा आई त्याच्याकडं वळून पाहत होती. त्याच्या घशाकडं पाहत होती.

"भागली का रे तहान?" तिनं विचारलं. विचारण्यात राग नव्हता.

त्याला लाज वाटली. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"मग दुसरीतलं पी," आई म्हणाली, आणि आपल्या कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.