एक सड वासराचा

ती गोष्ट मी विसरलेले नाही आणि विसरावी असं मला वाटतही नाही. ही माझ्या नोकरीतली केस नाही. हिची स्टेशन डायरीत नोंद नाही, पंचनामा नाही. पण तपास मी केला, म्हणून मीच सांगते.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. त्या काळी तेवढ्यावर पोलिसात घेत. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मुलाकडे कतारला गेले. तिथे वर्ल्ड कपची तयारी चालली होती. लुसैलला स्टेडियम उभं राहत होतं, गेल्या आठवड्यातला रस्ता या आठवड्यात सापडत नव्हता. मधेच शेजारच्या देशांनी सीमा बंद केली आणि ट्रकने येणारं दूध थांबलं. तेव्हा लुसैलच्या पुढे वाळूत एका कतारी म्हाताऱ्याने बारा गाई आणल्या. दूध विकायचं आणि गोऱ्हे वाढवून मांसासाठी कापायचे. माझा मुलगा तिथे सुपरवायझर. गाईंचं काम पाहायला रायगडकडचा एक मुसलमान गवळी होता, पन्नाशीचा. मला मावशी म्हणायचा.

एका सकाळी मुलगा म्हणाला, "आई, गवळ्याचं आता काही खरं नाही. दूध कमी भरतंय. हा किटली घेऊन मागच्या बाजूला जातो, टँकरवाल्याने पाहिलं. मागे लेबर कॅम्प आहे, तिथे विकत असणार. मालक त्याला पोलिसात देणार आहे."

खबर देणारा पाहिलं तेवढंच खरं सांगतो. पुढचं ऐकणारा जोडतो. टँकरवाल्याने किटली पाहिली होती, विक्री पाहिली नव्हती. मालकाला हिंदी यायची. मी त्याच्याकडे एक दिवस मागितला.

"अम्मा, तुम पुलिस?" तो हसला. "यल्ला, चलो, एक दिन."

आधी गोठ्यातला दुधाचा तक्ता पाहिला. बारापैकी पाचच गाईंचं दूध घटलं होतं. त्या पाचही गोऱ्हे व्यालेल्या. आणि प्रत्येकीचं दूध चौथाईने कमी. चोर असं मापून चोरत नाही.

मग गवळ्याला सावलीत बसवलं. चहा दिला, दम दिला नाही. दम दिला की माणूस एकच वाक्य धरून बसतो. म्हटलं, तुझी सकाळ सांग. त्याने सांगितली. म्हटलं, आता तीच शेवटाकडून सांग. रचलेली गोष्ट उलटी सांगताना सांधा दिसतो.

"नाश्ता केला. त्याचे आधी हातपाय धुतले. त्याचे आधी... नमाज. त्याचे आधी दूध काढला."

"हात धुवायच्या आधी नमाज? शेणाच्या हातांनी?"

त्याने कप खाली ठेवला.

"रायगडात सहा वर्षं नोकरी केली मी. हातपाय धुऊन वजू केल्याशिवाय तुझा बाप तरी नमाजाला उभा राहिला का?"

"मावशी, बापाला कशाला आणता मधी?"

"मग तू ये मधे. दूध काढल्यावर कुठे होतास?"

तो गोऱ्ह्यांच्या कुंपणाकडे पाहत राहिला. मी उठून गोऱ्ह्यांच्या कुंपणात गेले. मालकाचा नियम असा, की गोऱ्हा जन्मला की आईपासून तोडायचा आणि दुधाची पावडर पाण्यात कालवून बादलीतून पाजायची. बादलीवरचं वासरू माणूस दिसला की मान खाली घालून बादली शोधतं. कुंपणात चारच होते, आणि ते चारही मान वर करून माझ्या कमरेला ढुश्या मारायला लागले. आईला पिणारं वासरूच तसं करतं. अंगावर तकाकीही होती.

गवळी मागे येऊन उभा होता. "एक सड वासराचा, मावशी," तो म्हणाला. "तुमच्यात बी तसाच, आमच्यात बी तसाच. गाईला सड चार, दूध काढायच्या मशिनचे कप चार, मी तीन लावतो. मंग गोऱ्ह्याला सोडतो. एक गोऱ्हा मागं आजारी हाय, उठत नाय. किटली त्याची."

"ते कापायचेच आहेत ना?"

"कापायचे तर हायेतच. मीच कापीन, बिसमिल्ला म्हणून. पण आधी उपाशी मारायचे, असं कुठं लिवलंय?"

"उपाशी कसे? पावडर देता की."

त्याने खाली पाहिलं. "सीमा बंद, पावडर पुरत नाय. निम्म्यानं कालवायची. तशात चार मेले. तवापासून मी सड सोडतो."

"हे कुणाला सांगितलंस?"

"तुमच्या पोराला."

पावडर मुलगाच कालवायचा, आणि तिचा तुटवडा त्याने मालकाला सांगितला नव्हता. मेलेल्या चौघांपुढे वहीत उन्हाचं कारण लिहिलं होतं. गवळी सड का सोडतोय, दूध कुठे जातंय, सगळं त्याला माहीत होतं.

"आई, विषय खलास कर," मुलगा म्हणाला. "तो गावी जाईल, दुसरं काम बघेल. माझा व्हिसा म्हाताऱ्याच्या हातात आहे."

"गावी नाही, तुरुंगात जाईल. तू सांगतोस की मी सांगू?"

"मी मुलगा आहे तुझा!"

"म्हणून तर आधी तुला विचारलं."

दुपारी मालक आला. मी गवळ्याला एक गोऱ्हा सोडायला लावला. तो सरळ जाऊन मागच्या उजव्या सडाला लागला. मालकाने त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला, बराच वेळ.

"हमारा बाप ऊँट का बच्चा के लिए दो छोड़ता था," तो म्हणाला. मग वळला. "पहले वाला चार क्यों मरा? पावडर कौन मिलाता था?"

मुलगा माझ्याकडे पाहत होता. गवळीही मान हलवून नको नको म्हणत होता.

"मेरा बेटा," मी म्हटलं.

गवळी राहिला, सडही राहिला. मुलाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. अल थुमामाला एका गोदामात काम मिळेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. सून अजून नीट बोलत नाही.

नातेवाईक विचारतात, पोटच्या पोराचं नाव घ्यायला जीभ कशी रेटली? नोकरीत मी कितीतरी आयांच्या दारात उभी राहून सांगितलं होतं, मुलगा असला तरी खरं बोला. ते सांगणं किती सोपं होतं, हे मला त्या गोठ्यात कळलं. स्वतः बोलणं अवघड असतं. पण अवघड आहे म्हणून मी त्या बायकांना कधी सोडलं नव्हतं. मग स्वतःला का सोडू?