कोपऱ्यातलं अक्षर

ती घटना आठवली की कलमं, जबाब वगैरे मागाहून येतात. आधी डोळ्यांसमोर येते ती आमच्या ठाण्याची खिडकी. चाकण पट्ट्यातल्या दोन कंपन्यांच्या मध्ये ज्वारीचं एक वावर विकायचं राहून गेलं होतं. त्यापलीकडच्या रस्त्यानं कंटेनर जायचे. चाकं पिकाआड लपलेली, त्यामुळे नुसती रंगीत खोकी ज्वारीवरून तरंगत चालल्यासारखी दिसत. दुपारी मी ती बघत बसे. "साहेबांची तंद्री लागली," म्हणून शिपाई हसत. हसोत बापडे. त्या तंद्रीत मला पुष्कळ गोष्टी सुचल्या आहेत.

अशाच एका दुपारी एक जोडपं आलं. नवरा इथल्याच जुन्या गावातला, कंपन्यांना बस पुरवणारा. बायको परभणीकडची, खांद्यावर तान्हं बाळ आणि हातात कपड्यांनी भरलेली बॅग. तक्रार देऊन ती थेट माहेरची गाडी धरणार होती, ती परत न येण्यासाठी.

तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते. शिवी नाही, धमकी नाही. 'आज पण रडू आलं का?' 'एकटं वाटून घेऊ नका, मी आहे.' 

"बाळंतपणापासून मला उगंच रडू येतंय, साहेब," ती म्हणाली. "कोणाला सांगावं तर लाज वाटते. बाळ झोपलं की घरच्या कम्प्युटरला विचारायले मी, असं का होतं म्हणून. हे फक्त मला ठाऊक. मग ह्यांनीच चोरून बघून कोणाला तरी सांगितलं की."

"आमी कशाला सांगू?" नवरा उसळला. "हिचंच कुणीतरी वळखीचं आसंल."

बाळ दोघांकडे आळीपाळीनं बघत होतं. आमच्या महिला हवालदारांनी ते अलगद आपल्याकडे घेतलं आणि आई पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकली. "ताई, दोन दिवस द्या आम्हाला," हवालदार म्हणाल्या. कशीबशी ती कबूल झाली. त्या दोन दिवसांत काही हाती लागलं नसतं, तर एक भरलं घर संशयानंच मोडलं असतं.

नंबरचा सीडीआर, म्हणजे कॉल-मेसेजची कंपनीकडची नोंद, मागवला. सिमकार्ड एका परप्रांतीय कामगाराच्या नावावर, आणि तो केव्हाच गावी निघून गेलेला. घरच्या कम्प्युटरवर कोणतं ब्राउझर वापरता, असं विचारल्यावर नवरा म्हणाला, "आमी नेट वापरतो, साहेब." त्याला हसू नका. आमच्या ठाण्यातही निम्म्या लोकांनी हेच उत्तर दिलं असतं. ज्यातून बघायचं त्याकडे कोण बघतो?

खबर मिळाली ती चहाच्या टपरीवर. मी कम्प्युटरचा विषय काढला तेव्हा चहावाला दूध ओतता ओतता म्हणाला, "आपल्या चौकातला रिपेअरवाला लई हुशार राव. गिऱ्हाइकाच्या मनातलं वळखतो. मी घरी लाद्या बघितल्या नेटवर, दुसऱ्या दिवशी हा विचारतो, लाद्या घेतल्या का?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.

जोडप्याच्या घरी गेलो, तर मशीन त्याच दुकानातून दुरुस्त होऊन आलेलं. बिलासाठी मोबाइल नंबर दिला होता तो बायकोचा. पडद्यावर कोपऱ्यात एक लहानशी गोल चकती होती आणि तिच्यात इंग्रजी 'आर' हे अक्षर. घरात 'आर'वरून कुणाचंच नाव नव्हतं, बाळाचंही नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

नवरा म्हणाला, "रिपेअरचा आर आसंल. दुकानवाल्यानं लावलेला."

रिपेअरवाल्याचं नावच 'आर'वरून होतं! आमच्या सायबर विभागातल्या हवालदारानं सांगितलं, "साहेब, ब्राउझर आपल्या खात्यानं उघडलं की एका मशीनवर बघितलेलं दुसऱ्यावर दिसतं. सोय म्हणून असते ती. इथं खातं त्याचं आहे. बाईंनी इथं विचारायचं, त्यानं दुकानात वाचायचं." पंचनामा करून मशीन सील केलं.

पण खातं चुकून राहिलं, असं रिपेअरवाला म्हणू शकत होता, आणि ठाण्यात आणल्यावर म्हणालाही. तिशीचा, गोड बोलणारा माणूस. "हे ब्राउझर हलकं असतं साहेब, जुन्या मशीनला बरं. लोकांना कळत नाही, म्हणून मीच चांगलं निवडून देतो. खातं काढायचं विसरलो असेन. बघायला वेळ कुठाय?"

मी खिडकीकडे वळलो. एक निळा कंटेनर ज्वारीवरून हळूहळू जात होता. तो दिसेनासा झाल्यावर मी सहज म्हणालो, "चहावाल्यानं शेवटी हिरव्या लाद्या बसवल्या म्हणे."

"हिरव्या? तो तर पांढऱ्या बघत—"

वाक्य तिथंच राहिलं. मागे उभ्या शिपायाला खोकला आला. शांत खोलीत माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकू येत राहतं. शेवटी तो म्हणाला, "मालिका बघावी तशी सवय लागली, साहेब. तिला कुणीतरी हवंय असं वाटलं मला." त्या कामगाराच्या नावावरचं सिमकार्ड त्यानं स्वतःच काढून दिलं. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा कायद्यानं पाठलागच आहे. तेच कलम लावलं.

दोघांना बोलावून सगळं सांगितलं; ती बॅग घेऊनच आली होती.  नवऱ्यानं बायकोच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "येवढं रडू येत होतं, तर मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं का कधी?" ती म्हणाली.

पुढं कोर्टाच्या आदेशानं कम्प्युटर परत द्यायची वेळ आली, तेव्हा दोघं आली. एव्हाना दोघं मिळून डॉक्टरकडे जात होती. सायबरच्या हवालदारानं जुनं सगळं पुसून तिच्यासमोर तीन ब्राउझर मांडली. हे वेगवान, हे मशीनबरोबरच आलेलं, हे बंद केलं की मागचं विसरून जाणारं.

"ह्याला नाव सांगावं लागतं का?" तिनं प्रत्येकाबद्दल विचारलं.

"कुठल्यालाच नाही, ताई. सांगितलं तर सोय होते, इतकंच."

तिनं विसरणारं निवडलं. मग कोपऱ्यातल्या चकतीवर बोट ठेवून खात्री केली. चकतीत कुणीच नव्हतं.

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात? बघायला तर आम्हाला पोलीस खातंच शिकवतं. कुठं बघायचं नाही, ते मला ह्या बाईनं शिकवलं. चालतंय ना बघा, असं हवालदारानं म्हटल्यावर तिनं पडदा थोडासा आपल्याकडे वळवून घेतला आणि काहीतरी टाइप केलं. काय, ते मला माहीत नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो.