पुढेकायबाई आणि घुमी

शाळेत त्यांना सगळे पुढेकायबाई म्हणत. नववी-दहावीचं पोर जिन्यात दिसलं की बाई अडवायच्या, "काय रे, पुढे काय?" पोरं जिना बदलायची. शिक्षकांच्या खोलीतही तेच नाव चाले, फक्त तोंडावर नाही.

बाई मूळच्या भूगोलाच्या. मार्गदर्शनाचा तास त्यांच्या गळ्यात पडला, कारण दुसऱ्या कुणालाच तो नको होता. आधीच्या सरांनी त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग उरकला होता, त्यांच्या आधीच्या बाईंनी लोकर विणली होती. या बाईंनी मात्र तो मनावर घेतला. त्या स्वतः शिक्षिका झाल्या ते वडिलांनी अर्ज आणून पुढ्यात ठेवला म्हणून. आपल्याला काय आवडलं असतं हे त्यांना चाळिशी उलटली तरी ठाऊक नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना आतून कुरतडत असे.

"वर्गात बसून कुणाला काही आवडत नसतं," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "काम बघायला हवं. त्याचा वास घ्यायला हवा." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. कशालाही मान डोलवायची त्यांची सवयच होती.

मग शनिवारी दुपारी बाई पोरांना घेऊन निघायच्या. कधी बेकरीत, कधी छापखान्यात, कधी इस्पितळाच्या धुलाईखान्यात. बहुतेक पोरं अर्धा दिवस उंडारायला मिळतो म्हणून यायची. बेकरीत त्यांनी गरम पाव हादडले, छापखान्यात एकमेकांच्या नाकाला शाई फासली. आवडलं का विचारलं, की एका सुरात "हो बाई!" आणि सोमवारी सगळं विसरलेलं.

घुमी तेवढी वेगळी. दातांच्या डॉक्टरांची एकुलती एक मुलगी, हुशार, पण विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं. एका शनिवारी बाई सगळ्यांना सुतारकाकांच्या कारखान्यात घेऊन गेल्या. बाकीची पोरं भुशात लोळत होती. घुमी रंधा मारणाऱ्या कारागिराशेजारी उभी राहिली ती हलेचना. निघायची वेळ झाली तेव्हा तिने खाली पडलेली लाकडाचं एक लांब सालपट उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "बाई, मी परत येऊ?"

इतक्या वर्षांत बाईंना हे कुणी विचारलं नव्हतं.

घुमी दर शनिवारी जाऊ लागली. सुतारकाकांनी आधी तिला नुसतं झाडायला लावलं, मग घासायला, मग पटाशी हातात दिली. जी मुलगी वर्गात "हजर" एवढंच बोलायची ती तिथे सांध्यांवरून काकांशी वाद घालायची. "काका, इथे फट राहणार, बघा तुम्ही." आणि फट राहिली की टाळ्या पिटून हसायची. बाई दारात उभ्या राहून ते हसणं ऐकायच्या आणि आपल्याच पोटचं पोर पास झाल्यासारख्या फुलून यायच्या. घुमीच्या आईने एकदा फोन केला, "शनिवारी जादा तास असतो का हो?" तेव्हा बाईंनी बेधडक सांगितलं, "शाळेचंच काम आहे."

वर्ष संपता संपता घुमीने एक स्टूल बनवलं. सगळं एकटीने. हौसेने घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी ते स्टूल मुख्याध्यापकांच्या टेबलावर होतं. शेजारी डॉक्टर उभे. शाळेच्या समितीवर त्यांचं वजन होतं, त्यामुळे आवाज चढवायची गरजच नव्हती.

"बाई, माझी मुलगी सुतारकाम करणार, असं तुमचं ठरलंय का?"

"माझं नाही डॉक्टर. तिला मनापासून आवडतंय. तुम्ही एकदा तिथे येऊन तिला बघा तरी."

"पंधरा वर्षांच्या पोरीला काय आवडतं यावर घर चालत नाही. माझा दवाखाना उभा आहे, खुर्ची तयार आहे. मुख्याध्यापक, बोलवा तिला. तिच्याच तोंडून ऐकू."

घुमी आली. स्टुलाकडे बघेना, बाईंकडे बघेना. मुख्याध्यापकांनी गोड आवाजात विचारलं, "बाळ, तिथे जायचं तुझ्या मनात होतं का?"

बाई मनात म्हणत होत्या, बोल गं, एकदाच बोल.

"बाई म्हणाल्या म्हणून गेले," घुमी म्हणाली.

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. शनिवारच्या फेऱ्या बंद झाल्या, तास पुन्हा गणिताकडे गेला आणि बाईंना पाचवी-सहावीचे वर्ग मिळाले. त्या वयाच्या मुलांना पुढे काय विचारायचं? बाईंनी विचारणंच सोडलं. नाव मात्र निवृत्तीपर्यंत चिकटून राहिलं.

निवृत्तीनंतर कितीतरी दिवसांनी त्यांची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेवटी गाल सुजून टम्म झाला तेव्हा त्या जवळच्या दवाखान्यात गेल्या. पाटीवर बाप-लेकीची नावं बघून पाय मागे फिरले होते, पण दाढेने पुढे ढकललं.

मास्क लावलेली डॉक्टरीण आत आली. "बाई, ओळखलंत?"

बाईंनी डोळ्यांनीच हो म्हटलं. इंजेक्शन झालं, जबडा बधिर झाला, तोंडात कापूस कोंबला गेला. मग घुमी बोलायला लागली. शाळेत कधी बोलली नव्हती इतकं.

"त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्हाला माहीतच आहे. त्याची माफी मागायला हवी होती. पण खरं सांगू? मला तुमचाच राग येतो. वर्गातल्या बाकीच्यांना काहीच आवडलं नाही, बाई. मिळालं ते करतात, मजेत आहेत. मला आवडलं. आता रोज सकाळी या खुर्चीशी उभी राहते तेव्हा काय हुकलं ते मला नेमकं ठाऊक असतं. तुम्ही मला नेलंच नसतं तर मीही मजेत असते." तिने पकड घेतली. "दुखतंय का?"

बाईंनी मान हलवली. नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते घुमीने कापसाने टिपलं, अगदी हळुवार, आणि दाढ उपटली.

बाहेर काउंटरपाशी म्हातारे डॉक्टर बसले होते. ते लगबगीने उठले. जुनं काही त्यांच्या गावीही नव्हतं.

"अरे वा, बाई! काही कळलं तरी का? पोरीचा हात बघा कसा आहे! अहो, असा हात उपजतच असावा लागतो."

बाई काहीतरी बोलायला गेल्या. बधिर ओठ हललेच नाहीत, हनुवटीवर नुसती लाळ ओघळली. डॉक्टरांनी तत्परतेने कागदी रुमाल पुढे केला.

"राहू द्या, राहू द्या," ते म्हणाले, "आज बोलायचं नाही."

बाईंनी तोंड पुसलं आणि त्या पायऱ्या उतरल्या.