‘गायब’ न लिहिणारे दामलेकाका

लखनौहून ट्रंककॉल आला तेव्हा मी पुण्यात नुकतीच जेवायला बसले होते. दामलेकाकांचा मुलगा शरद बोलत होता. “दीदी, बाबा नहीं रहे. झोपेतच गेले…” पुढचं बोलणं खरखरीत बुडालं.

माझे वडील लखनौच्या एका संशोधन संस्थेत होते. सत्तरच्या दशकात मी तिथल्या हिंदी दैनिकात उमेदवारी करायला लागले तेव्हा संपादकीय विभागात मराठी माणूस एकच, उपसंपादक दामले. ऑफिसात सगळे त्यांना ‘दामलेजी’ म्हणायचे. घरोबा असल्यामुळे माझ्या तोंडी मात्र ‘काका’च यायचं. माझा पहिला मोठा लेख होता शहरातून गायब होणाऱ्या टांग्यांवर. काकांनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. “टांगा गायब कसा होतो गं? घोडा आहे, माणूस आहे, त्याचं घर आहे. कुठे गेले ते?” ते शोधत मी दोन-तीन दिवस हिंडले. एक टांगेवाला तेलीबागेत विटा वाहत होता. दुसरा मलिहाबादला आंब्याच्या पेट्या भरत होता. दोघांनी एकच गोष्ट सांगितली. स्टेशनाजवळचा त्यांचा अड्डा पालिकेनं उठवला होता, तेव्हापासून सवारीच मिळत नव्हती. लेख सगळा बदलला. काका म्हणाले, “आता बातमी झाली. ‘गायब’ जादूगाराच्या खेळासाठी ठेव, तिथे शोभतो.”

तेव्हापासून मलाही तो शब्द खुपायला लागला. आमच्याच अंकात तळं गायब व्हायचं, बाजारातून साखर गायब व्हायची, तरुणांमधली तहजीब, म्हणजे रीतभात, गायब व्हायची आणि एखाद्या घरची सूनही गायब व्हायची… सगळ्यांना एकच क्रियापद. तळं कुणी बुजवलं, साखर कुणी दडवली, सून का निघून गेली, हे विचारायची गरजच उरायची नाही. काका त्यावर भाषण देत नसत. लाल पेन्सिलीने शब्दाभोवती गोल करून कॉपी परत पाठवत, एवढंच.

एकदा दुपारी एका कारखान्यातल्या कामगार पुढाऱ्याची बायको ऑफिसात आली, कडेवर लहान मूल. नवरा ‘लापता’, म्हणजे बेपत्ता, असल्याची बातमी आमच्याकडे तयार होती, पोलिसांनी दिलेली. काकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती म्हणाली, “लापता नहीं हैं, भैया. हमारे सामने पुलिस की जीप में बैठाकर ले गए.” काकांनी शेजाऱ्यांकडेही माणूस पाठवला. त्यांनीही तेच सांगितलं. संपादक म्हणाले, “दामलेजी, ‘लापता’ लिख दीजिए, सबकी भलाई इसी में है.” काका म्हणाले, “लापता तो नहीं है साहब, थाने में है.” त्यांनी मथळ्यात ‘पत्नी के सामने ले गई पुलिस’ असंच लिहिलं आणि स्वतः छपाईपर्यंत थांबले. बातमी आल्यावर त्या माणसाला कोर्टात हजर करावं लागलं. मार खाल्लेला होता, पण जिवंत होता. पुढे जामिनावर सुटला.

काकांना मात्र हवामान आणि बाजारभावावर बसवलं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. मी चिडले, राजीनाम्याची भाषा केली. “अगं, नोकरी कर मुकाट्यानं,” ते म्हणाले. “भावसुद्धा नीटच छापावे लागतात.” वाईट त्यांनाही वाटलं असणार. त्यांच्या पत्नीकडून, कुसुमकाकूंकडून कळलं, त्या हिवाळ्यात ते घरी फारसे बोलतच नसत. पण त्याच हिवाळ्यात, दाट धुक्याच्या दिवसांत, दर वर्षीचा ‘कोहरे में सूरज गायब’ हा मथळा आमच्या अंकात आला नाही. ‘दिन भर कोहरा, सूरज ढका रहा’ असा आला. मी हसले, तेव्हा तेही हसले.

मागच्या आठवड्यात इंदिरा नगरच्या घरी जाऊन आले. शरदनं काकांची खोली आवरलेली नाही. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी त्यानं काकांचा रेडिओ लावला. शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे आवाज भिंती हलतील इतका मोठा. नकळत माझा हात बटणाकडे गेला.

“रहने दीजिए, दीदी,” शरद म्हणाला. “बाबा को इतना ही चाहिए.”

मग आम्ही दोघांनी बातम्या शेवटपर्यंत तशाच ऐकल्या.