अंगणातला आठ

त्या उन्हाळ्यात लेलंड क्वालेला एका जागी स्वस्थ बसलेला कोणी पाहिला असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. मी त्याचा शेजारी, आमच्या मध्ये फक्त लायलॅकच्या झुडपांचं कुंपण, आणि मला तरी तो तसा दिसला नाही. अर्धी कॉफी टाकून उठायचा, ट्रेलरच्या चाकांत हवा आहे का बघायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. सकाळी पाहिलेली हवा दुपारपर्यंत कुठे जाणार होती?

या सगळ्याला कारण मस्की नावाचा मासा. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावाजवळच्या तळ्यांत आम्ही आयुष्यभर ताटात मावतील एवढे मासे धरले. मस्की कमरेपर्यंत येईल एवढा लांब, तोंडभर दात आणि भलता लहरी. दिवसभर आमिष फेका, दर्शन देईल न देईल. मिळालाच तर फोटो काढून परत पाण्यात सोडायचा. लेलंडला तो लेक ऑफ द वुड्स या सरोवरात धरायचा होता, तोही थेट कॅनडाच्या हद्दीत. दिवसभराचा प्रवास, जिकडे तिकडे बेटं आणि पाण्याखाली खडक. जन्मभर त्याने दुधाचा टँकर चालवला. गाईंना सुट्टी नसते, म्हणून त्यालाही नव्हती. आता निवृत्त झाल्यावर या सप्टेंबरात जायचंच, असं त्याने डोक्यात घेतलं होतं.

"पुढच्या वर्षी जा की," मी एकदा सहज म्हटलं. "माझी कंबर धड झाली तर मीही येतो."

"पुढच्या वर्षीचं नाव काढू नकोस!" तो माझ्यावर खेकसला.

"अरे, मासे काय पळून जाणार आहेत?"

"मासे नाही जाणार," असं पुटपुटत तो चाकं बघायला गेला.

मला रागच आला. गॅरेजच्या भिंतीवर त्याने सरोवराचा नकाशा लावला होता. भिंग घेऊन, त्याला नाक टेकवून उभा राहायचा आणि आपण बोललो तर हूं की चूं नाही. गाडी हल्ली त्याची बायको आर्डिसच चालवायची. "टँकर हाकून कंटाळलोय," म्हणायचा.

आर्डिस सगळं थट्टेवारी न्यायची. "लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा एवढा नाचला नव्हता हा," ती म्हणायची. "एकटा जाणार म्हणे. म्हणजे सँडविचंही मीच करायची आणि काळजीही मीच करायची." ती बरोबर जाण्याचा प्रश्नच नव्हता. लहानपणी तळ्यावरचा बर्फ फुटून ती आत गेली होती, तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरली नाही. नावेला तर तिने हातही लावला नव्हता.

ऑगस्ट सरत आला तसा लेलंडने सराव सुरू केला. नाव घरापुढच्या सिमेंटवर, ट्रेलरवरच. हा आत उभा राहून गळ काढून घेतलेलं लाकडी आमिष हिरवळीवर फेकणार, गुंडाळत नावेपर्यंत आणणार आणि वर उचलण्याआधी गळाच्या काठीचं टोक खाली धरून आमिषाला इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवणार. मस्की आमिषामागून गुपचूप येतो आणि बरेचदा नावेशी आल्यावरच झडप घालतो, म्हणून हा आठ. मासा दिसो न दिसो, प्रत्येक वेळी काढायचाच.

एका दुपारी आर्डिस आणि मी पायरीवर घेवड्याच्या शेंगा मोडत बसलो होतो. त्यांचं भुरं मांजर, ग्रेव्ही, आमिषाच्या मागे लागलं. पोट जमिनीला घासत थेट नावेपर्यंत आलं.

"बघ, लागला मासा," आर्डिस कुजबुजली.

लेलंडने आठ काढला. मांजरही त्याबरोबर दोन्हीकडे वळलं. मग त्याने आमिष उचललं आणि निवांत दुसरीकडे फेकलं.

"अरे सोडलास की!" मी ओरडलो. "एवढा थोरला मस्की पायाशी आला होता!"

"कुठला मस्की?"

"तुझं मांजर रे! हे काय, समोर बसलंय!"

त्याने समोर पाहिलं. मग कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून पाहिलं. आर्डिसच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"लेलंड, कधीपासून?"

"कडेकडेचं दिसतं," तो खाली बघत म्हणाला. "मधोमध डाग आहे. डॉक्टर म्हणतात वाढत जाणार. पुढच्या उन्हाळ्यात एवढंही दिसणार नाही."

"आणि तू एकटा जाणार होतास? त्या खडकांत?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नाही."

ती ताडकन उठली आणि आत गेली. जाळीचं दार आपटलं. लेलंड काठीवरची दोरी सोडायला लागला, पण गाठ सापडेना. मला त्याचा संताप येत होता. मदत करावी तर तो हात झटकणार, म्हणून मी तसाच बसून राहिलो.

दार पुन्हा उघडलं. आर्डिसने एप्रनवरून नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं होतं, सगळे पट्टे हनुवटीपर्यंत आवळून. स्वयंपाकघरातलं स्टूल लावून ती नावेत चढली आणि बसल्या बसल्या तिने दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. नाव चाकांवर, खाली कोरडं सिमेंट, तरी तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"अगं, तुला पाणी..."

"पाण्याचं माझं मी बघते. गाडी मी चालवेन. ही मोटर कशी चालते ते शिकव, खडकही मी बघेन. आता फेक."

त्याने फेकलं. ग्रेव्ही एव्हाना कुंपणाखाली जाऊन झोपलं होतं. आमिष एकटंच हिरवळीवरून आलं. लेलंडने काठी वाकवली आणि सावकाश आठ काढला, एकदा, मग पुन्हा एकदा.

"आला होता?" त्याने विचारलं.

"नाही," आर्डिस म्हणाली. काठ तिने सोडला नव्हता. "आला की सांगेन. तू फेक."