दादा कटला, असं ते म्हणाले

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले फोटो टाकले, फुलं टाकली. मामीने टाकली, आत्याने टाकली, ज्यांनी दादाला कधी पाणी विचारलं नाही त्यांनी तर मोठी मोठी टाकली. पण दादा काय करायचा, कसा होता, कशाने गेला हे कुणी लिहिलं नाही. म्हणून मी लिहितेय, त्याची धाकटी बहीण. मी त्याच्याच कारखान्यात भिंतीला पाठ लावून शिवलेल्या कपड्याचे सुटे धागे कापायला बसते. सगळं माझ्या डोळ्यासमोर झालंय. वहिनीला विचारून लिहितेय.

दादा कटिंग मास्तर. कपड्याच्या कारखान्यात शिवणारे ढीगभर असतात, कापणारा एकच. लांब टेबल असतं, त्यावर कापडाचे थरावर थर टाकायचे, वरच्या थरावर खडूने बाही, पाठ, गळा आखायचा आणि उभ्या पात्याचं मशीन धरून सगळे थर एकदम कापायचे. दादा म्हणायचा, शिवणारा चुकला तर शिवण उसवता येते, कापणारा चुकला तर काय उसवणार, कपाळ?

इंग्रजीत नापास होऊन शाळा सुटलेला माणूस. पण त्या इंग्रजीतला एक शब्द त्याच्या हाताला लागला आणि त्याने जन्मभर त्या एकावरच भागवलं. कट. घरी निघायचं तर म्हणायचा, "चल बारके, कटतो मी." मला तो बारकी म्हणायचा. फोन लांबला तर, "कट कर, भात करपतोय." कुणी पाल्हाळ लावलं तर, "मधलं कट मार, मुद्द्यावर ये." स्कूटरवाला अंगावरून गेला तर, "बघ कसा कट मारून गेला, बापाने रस्ता आंदण दिलाय." सदरा अंगात नीट बसला की कट टु कट. वहिनी रुसली की, "आज लाईन कट आहे, उद्या लागेल." कुणाला लग्नाला बोलवायचं नसलं की त्याचा पत्ता कट. वहिनी वैतागायची. "अहो, एकदा ती जीभ पण टेबलावर ठेवा आणि कापा थोडी."

"जीभ ताणाची आहे गं. आधी निजवावी लागेल, मग कापायची."

माझा नवरा मला मारायचा हे ग्रुपवरच्या सगळ्यांना माहीत होतं. सगळे म्हणाले, सांभाळून घे. दादा एक दिवस दारात येऊन उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघितलं, नवऱ्याला म्हणाला, "आजपासून कट." माझी पिशवी उचलली आणि पुढे चालायला लागला. तेव्हापासून मी त्याच्याकडे. वहिनीने एका शब्दाने विचारलं नाही, पान वाढलं.

आता ते निजवायचं सांगते, कारण त्यातच सगळं झालं. टीशर्टचं कापड ताणाचं असतं. रोलमध्ये ते ओढून गुंडाळलेलं येतं. ते उलगडून टेबलावर मोकळं पसरून ठेवायचं, रात्रभर. मग ते हळूहळू आखडतं, आपल्या खऱ्या मापावर येतं. सकाळी कापायचं. घाई करून तसंच कापलं तर नंतर आखडतं, आणि बापाचा टीशर्ट पोराला होतो. दादा हाताने पसरायचा, जराही न ओढता, आणि म्हणायचा, "दमून आलंय बिचारं. निजू दे."

आमचा सुपरवायझर, त्याला आम्ही मागून लवकरसाहेब म्हणतो, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नाही. त्याला हे बघवायचं नाही. पण दादापुढे त्याचं चालत नव्हतं.

मग मालकाने सांगितलं, कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन येतंय. ते चालवायला एकच माणूस ठेवणार, ज्याचा हात झपाझप चालेल तो. दादाने वरवर दाखवलं नाही, पण त्याला ते मशीन पाहिजे होतं. त्या टेबलाशिवाय त्याला दुसरं काय येत होतं? घरी मला विचारतो, "बारके, ती बटणं शिकायला अवघड असतात का गं?"

"मला काय विचारतोस? मी टीव्हीचा रिमोट पण उलटा धरते."

"मग आपण दोघं मिळून एक शहाणा होतो."

हसलो आम्ही. पण मला कळत होतं.

त्यातच निळ्या टीशर्टची मोठी ऑर्डर आली. कापड आलं दुपार टळल्यावर. दादा रोल उलगडायला गेला तर लवकरसाहेब आडवा आला.

"मास्तर, कापडाला झोप आली असेल तर घरी नेऊन पाळण्यात घाला. इथे लवकर उरका. मालक बघतायत कोण कामाचं आहे ते."

दादाने रोलवर हात ठेवला. मालकाच्या काचेच्या केबिनकडे बघितलं. मालक खरंच बघत होता. मग दादा म्हणाला, "टाका थर."

मी कैची थांबवून त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

काय कापलं म्हणून सांगू. पातं असं फिरलं की जसं लोण्यातून. मालक बाहेर येऊन पाठीवर थाप मारून गेला. घरी येताना दादाने गोड आणलं. वहिनी म्हणाली कशाबद्दल? तर म्हणे, उगीच.

शिवून झालं, इस्त्रीच्या टेबलावर गेलं आणि तिथे कळलं. सगळे आखूड. अंगात घातले तर पोट उघडं. अख्खा लॉट रिजेक्ट. सगळे गोळा झाले. दादाने एक टीशर्ट हातात धरला होता, सोडतच नव्हता. मालकाने विचारलं, हे काय? दादा म्हणाला, "माझी चूक आहे. मी निजू दिलं नाही."

लवकरसाहेब शेजारीच उभा होता. मोबाईलमध्ये बघत होता. मी बोलायला उठले तर दादाने डोळ्यानेच बसवलं.

मालक म्हणाला, मास्तर, उद्यापासून येऊ नका. झाला पत्ता कट.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तो माल रस्त्यावर हातगाडीवर आला, मातीमोल. आमच्या गल्लीतल्या पोराबाळांनी घेतले. जिकडे बघावं तिकडे निळे टीशर्ट, बेंब्या बाहेर. दादाने खिडकीत उभं राहायचं सोडलं. "बघ ना बारके, माझी चूक घालून खेळतायत." वाणी एकदा म्हणाला, मास्तर, तुमच्या टीशर्टात पोटाला खिडकी फुकट मिळते. दादा त्याच्यासमोर हसला. घरी येऊन ताटावरून उठला.

कारखान्यात नवीन मशीन आलं. चालवायला एक चष्मेवाला आणला, माणूस वाईट नाही, बोलतो नीट. पण त्याला तरी कापड निजवायचं कुणी सांगितलं? त्याचा ताणाचा पहिलाच लॉट आखूड आला. मला वाटलं, आता हा पण जाणार. कुठलं काय. कुणी गेलं नाही, कुणी ओरडलं नाही. सेटिंग चुकलं म्हणाले. मशीन चुकलं की सेटिंग चुकतं. माणूस चुकला की माणूसच चुकतो.

त्यानंतर लवकरसाहेबाचा दादाला फोन आला. मास्तर, या लवकर. दादाने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, खिशात आखायचा खडू टाकला. वहिनी म्हणाली, "अहो हळू, बोहल्यावर नाही चाललात." पण तिच्या डोळ्यात पाणी होतं.

तिथे गेल्यावर लवकरसाहेब म्हणाला, कटिंगला माणूस आहे. तुम्ही सुट्टीच्या वेळी तेवढं कापड पसरून जायचं, आणि दिवसभर बायकांबरोबर धागे कापायचे.

मला वाटलं दादा आता खडू त्याच्या तोंडावर फेकणार. दादा म्हणाला, "चालेल."

माझ्या शेजारी पाट टाकून बसला. मला म्हणतो, "बारके, धागा कसा धरायचा असतो गं?" ज्याने मला हात धरून या कारखान्यात आणलं, त्याला मी धागा धरायला शिकवला. बायका म्हणाल्या, मास्तर, आमच्यात आलात, आता चुगल्या पण शिका. तो म्हणाला, "शिकवा, तेवढीच एक कला राहिलीय." बायका हसल्या. पण तिकडे मशीन सुरू झालं की त्याचा हात थांबायचा. मान वर करायचा नाही, नुसता ऐकायचा. खडू रोज खिशात असायचा. वहिनी सदरा धुताना काढून ठेवायची, तो परत घालायचा.

त्या दिवशी सकाळपासून त्याचा डावा हात दुखत होता. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. "अर्धा दिवस कट करतील," म्हणाला. संध्याकाळी त्याने पांढरं कापड पसरलं. आज जरा जास्तच वेळ हात फिरवत होता त्याच्यावर. मग म्हणाला, "चल बारके, कटतो मी. तू ये मागून."

मी डबा घेऊन बाहेर आले तर जिन्यात गर्दी. तो पायरीवर बसला होता, डोकं भिंतीला टेकून. मी हाक मारली. मी खूप हाका मारल्या.

लवकरसाहेब माझ्या मागेच उभा होता. त्याने मालकाला फोन लावला. "सर, ते मास्तर... हो. कटले." मग थोडं ऐकलं आणि म्हणाला, "नाही नाही, कापड पसरून झालंय."

तो शब्द मी दादाच्या तोंडून किती तऱ्हेने ऐकला होता. दादाने तो असा कधी वापरला नव्हता, कुणाच्या मरणावर तर नाहीच.

घरात चूल पेटायची तर मला कामावर जायलाच लागलं. गेले तर तोच पांढरा लॉट शिवून माझ्यासमोर आलेला. एकेक टीशर्ट उलटून बघितला. मापात. कट टु कट. लवकरसाहेब एक उचलून सगळ्यांना दाखवत होता, "बघा, आता बसलं मशीनचं सेटिंग." चष्मेवाल्याने मान खाली घातली. त्याला माहीत होतं.

मी धागे कापत राहिले. सुट्टी झाली, टेबलावर नवीन रोल आला होता. लवकरसाहेब माझ्याकडे आला.

"बाई, जाता जाता तेवढं कापड पसरून जा. तुमच्या भावाचं बघून तुम्हाला येत असेलच."

येतं मला. ओढायचं नाही, हाताने नुसतं सोडायचं, येतं.

मी कैची ठेवली, डबा उचलला. म्हटलं, "साहेब, मी कटते."

रोल तसाच पडला होता, गुंडाळलेला. घरी वहिनी जेवायची थांबली होती.